मागच्या दोन चाकांची हवा

१

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. एक रडायला लागली की दुसरी जरा ऐकून घ्यायची आणि मग आपला सूर लावायची. त्यांना आठवडाही झाला नव्हता. मे महिन्यातली सकाळ होती. चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच पोलिसांचा फोन आला, क्रेन घेऊन डोंगरावरच्या मोठ्या वळणापाशी या.

अपघाताच्या गाड्या ओढणं हाच माझा धंदा. त्यामुळे गाडी बघितली की ती कशी गेली हे थोडंफार कळतं. खाली ओढ्याच्या दगडांत पडलेली गाडी करड्या रंगाची होती. धड कार नाही, धड जीप नाही, दोन्हींचा मिलाफ करून बनवलेली. छत मागे उतरतं, ऐटबाज. चाकं मात्र उंच आणि रुंद. अशी गाडी आमच्या भागात एकच होती. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाची, म्हणजे दोन भावांतल्या थोरल्याची. तो आत होता. त्याला आधीच बाहेर काढून चादर घातली होती.

रस्त्यावरच्या खुणा मी चालत जाऊन पाहिल्या. पुढच्या चाकांच्या खुणा नव्हत्याच. मागच्या चाकांच्या होत्या, कमानीसारख्या बाहेर वळत गेलेल्या. शेपटी आधी सुटली होती.

गाडी वर आली तसा फौजदार पुढे झाला. त्याने मागच्या एका चाकावर बूट दाबला. टायर दबला. दुसऱ्यावर दाबला, तोही दबला. पुढचे दोन्ही दगडासारखे टणक.

"मागचे दोन्ही टायर कोरे दिसतात," तो म्हणाला. "काल बसवलेत. आणि हवा निम्मीसुद्धा नाही." मग हवालदाराकडे वळून त्याने विचारलं, "काल कुठल्या गॅरेजात होती ही?"

हवालदाराने नाव सांगितलं. माझ्या हातातला साखळदंड निसटून पायावर पडला. त्या गॅरेजात टायरचं काम एकच माणूस करायचा. माझा जावई.

२

दुपारपर्यंत जावयाला आत टाकलं होतं. निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा गुन्हा.

मी चौकीत गेलो तेव्हा तो बाकावर बसला होता, हाताला अजून काळं वंगण. म्हणाला, "बाबा, मी हवा भरली होती. स्वतःच्या हाताने. तपासली, मग गाडीला शिकवली, मग चक्कर मारून आणली."

"शिकवली म्हणजे?"

फौजदारच मध्ये बोलला. मनाने वाईट नव्हता, पण त्याचा हिशोब पक्का झाला होता. "ऐका. या गाडीच्या चाकांत हवा मोजायचं यंत्र नाही. चाकं कशी फिरतात यावरून गाडी ओळखते. टायर बदलले की पडद्यावर एक बटण दाबून धरायचं. मग त्या क्षणी जी हवा असेल ती गाडी बरोबर समजते. नंतर कमी झाली तर दिवा लावते. आता आम्ही बॅटरी जोडून पडदा चालू केला. हवेचा दिवा लागलेला नाही. म्हणजे काय? नंतर हवा गेलीच नाही. कमी हवेवरच बटण दाबलं गेलं. आणि बटण दाबलं कुणी, ते हा स्वतःच सांगतोय."

जावयाने मान खाली घातली. "धाकटीला सांगू नका," तो म्हणाला. "दूध आटेल तिचं."

सांगायची गरज पडली नाही. घरी पोचलो तर ती दाराशी उभी होती, एक खांद्यावर, एक काखेत. "बाबा, ते किती वर्षं आत ठेवतात?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची तपासनीस बाई माझ्या आवारात आली, गाडी बघायला. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, पायांत पुरुषी बूट. मी तिला अपघाताच्या कामात पुष्कळदा पाहिलं होतं. तिच्यासमोर लोक खोटं बोलायचे आणि ती त्यांना बोलू द्यायची. मी तिला सगळं सांगितलं, आरोपी माझा जावई आहे हेही. ते लपवून कुठे जाणार होतं?

तिने माझ्याकडून फौजदाराचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याच्या तर्कात चूक नाही. म्हणूनच मला भीती वाटते."

३

गाडीभोवती ती बराच वेळ फिरली. मी मागेमागे.

"मॅडम, एवढी महागाची गाडी. कंपनीवाले म्हणतात ही घसरतच नाही. मग?"

"घसरू देत नाही, हे खरं," ती म्हणाली. "वळणावर प्रत्येक चाकाला वेगळा जोर देते. बाहेरच्याला जास्त. आतल्याला ब्रेकचा चिमटा. मागची चाकंसुद्धा केसभर वळवते. चालवणाऱ्याला कळायच्या आत हे सगळं होऊन जातं. पण एक गोष्ट धरून चालते ती. तिला जशी सांगितली तशीच चाकं आहेत, ही." तिने आत वाकून पाहिलं. "स्पोर्टवर टाकली होती. घाईत होता. या सेटिंगवर गाडी शेपटीला जरा मोकळीक देते, चालवणाऱ्याला मजा यावी म्हणून, आणि मग पकडते. या वेळी पकडायला गेली तेव्हा टायर रिमखाली दुमडलेला होता. पकडायला हाताशी काही नव्हतंच."

मग तिने मला मागचा टायर रिमवरून उतरवायला सांगितला. मी उतरवला. तिने विजेरी लावून आत पाहिलं, बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. रबराचा काळा भुगा, चिमूटभरसुद्धा नाही.

"कमी हवेवर चाललेला टायर आतून झिजतो. हा जेमतेम झिजायला लागला होता. क्रेनवाले, गॅरेज ते त्यांचं घर, रस्ता कसा आहे?"

"रस्ता कुठला? पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलाय. कडा नुसत्या सुळ्यासारख्या."

"रिमभोवती एवढंसंच रबर असलेला टायर, निम्म्या हवेवर, त्या कडांवरून गेला असता तर रिम आणि दगड यांच्यात चिमटून कापला असता. शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. इथे आहेत?"

नव्हत्या. दुसरा टायर उतरवला. त्यातही नव्हत्या.

हातातला टायर मी तसाच खाली टाकला. "म्हणजे माझा जावई सुटला!"

"नाही. मी हे लिहून देईन, फौजदार म्हणेल त्यांच्या ड्रायव्हरने गाडी दुसऱ्या रस्त्याने आणली असेल. मग वकील, तारखा. वर्ष जाईल. तोवर तो आतच." ती वाकून पुन्हा गाडीत बघत होती. पुढची डावी सीट अगदी पुढे सरकवलेली होती, कुणी बसूच शकणार नाही इतकी. मागच्या सीटवर दोन उशा फितीने बांधलेल्या. "गाडीत एकटाच होता ना तो?"

"एकटाच."

"हवा त्यांच्या घरी निघाली, क्रेनवाले. आणि बटण दुसऱ्यांदा दाबलं ते त्या घरातल्याच कुणीतरी. चला, मला सोडा तिथे."

४

घर मोठं होतं पण दिखाऊ नव्हतं. पुढे पोर्च, पोर्चला लागून तळमजल्यावरची एक खोली, तिची खिडकी उघडी.

पहिला भेटला तो ड्रायव्हर. मिशा मोठ्या, आवाज बारीक. "मॅडम, त्या गाडीत ड्रायव्हरला कामच राहिलं नव्हतं. दिवे ती लावणार, वायपर ती लावणार. मी नुसता शोभेला."

"गॅरेजातून कुठल्या रस्त्याने आणलीत?"

"खणलेल्याच. दुसरा आहे कुठे? पूल बंद आहे. शिव्या घालत घालत आणली."

"हवेचा दिवा?"

"नव्हता. असता तर कळलंच असतं. ती गाडी सासूसारखी आहे, जरा काही झालं की लगेच बोलून दाखवते. आणून लावली, तोंड भिंतीकडे. मोठ्या साहेबांना तसंच लागायचं, उलटी लावली की ओरडायचे."

थोरल्याची बायको स्वयंपाकघरात होती. डोळे कोरडे, पण तव्याखालचा गॅस पेटवायचा राहून गेला होता आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आम्ही महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नव्हतो," बाई काही विचारायच्या आत ती म्हणाली. "हेच ऐकायला आलात ना? गावाला माहीत आहे. खोल्याही वेगळ्या होत्या. आणि गाडीची दुसरी चावी त्या खुंटीवर असते, माझ्या हाताशी. घ्या लिहून."

"लिहीन. आधी त्या सकाळचं सांगा."

"कारखान्यातून फोन आला. अमोनियाचा पाइप फुटला, माणसं आत अडकलीत. ताटावरून उठले. हातसुद्धा धुतला नाही. गाडी दारात उभी होती, फाटकाकडे तोंड करून. बसले आणि गेले." ती थांबली. "मी 'जपून जा' म्हणाले नाही. बोलत नव्हतो ना."

"फाटकाकडे तोंड करून?"

"हो. का?"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी मात्र मनात धरलं. ड्रायव्हरने भिंतीकडे तोंड करून लावलेली गाडी रात्रीत आपोआप वळत नाही.

धाकटा भाऊ ऑफिसच्या खोलीत सापडला. दाढी वाढलेली. बाईंनी बसायच्या आतच विचारलं, "थोरल्यांच्या फोनवर तुमचे कॉल आहेत. ते निघाल्यावर लगेच, एकामागून एक. उचलला नाही त्यांनी. कशासाठी करत होता?"

"कारखान्याचं विचारायला."

"मग कारखान्याला का नाही केला? दादा तर अजून वाटेत होते."

त्याने ओठ चावला. "तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा. मी वाटणी मागितली होती, सगळ्यांना ठाऊक आहे. वाटणी मागितली होती, दादाचा जीव नव्हता मागितला!"

"गॅरेजातल्या पोराला आत टाकलंय, माहीत आहे?"

"ऐकलं," तो म्हणाला आणि खिडकीकडे बघत राहिला. "पुरावा नसेल तर सुटेल."

मला राहवलं नाही. "आणि असेल तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हा कोण, असा चेहरा.

५

पोर्चमध्ये येऊन बाई गाडी उभी असायची त्या जागेकडे बघत राहिल्या.

"क्रेनवाले, कुणाला मारायचं असेल तर हवा मागचीच का काढायची? फौजदाराला कारण सोपं सापडलं, कारण मागचेच टायर नवे होते. पण ते सोडून द्या. मागच्या चाकांवर काय असतं?"

"मागची सीट."

"मागच्या सीटवर उशा. पुढची सीट पाय पसरायला सरकवलेली. गाडी वळवून तोंड फाटकाकडे केलेलं. कुणाला तरी मागे बसवून न्यायची तयारी होती ती. थोरल्यांना मारायची तयारी अशी कुणी करत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "मला आता ज्याची भीती वाटते, ते खुनापेक्षा वाईट आहे."

तेवढ्यात उघड्या खिडकीतून आवाज आला. "बाहेर उन्हात कशाला उभे आहात? आत या."

थोरल्याची आई. खुर्चीत, पाठीला पट्टा, अंगावर शाल. मणक्यात गाठ होती. तिच्यावर किरण द्यायला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा जावं लागायचं, तेही अजून महिना दोन महिने. तेवढी किरणं पुरी झाली तर बरं वाटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगा जाऊन एकच दिवस झाला होता. ती रडत नव्हती. रडून झालेल्या माणसासारखी दिसत होती.

खिडकीच्या कठड्यावर गोळ्यांच्या डबीचं झाकण होतं. त्यात दोन टोपणं. टायरच्या हवेच्या नळीवर बसतात तशी, पितळेची, नवी कोरी. माझ्या जावयाच्या गॅरेजात तसलीच लावतात.

बाईंनी ती पाहिली होती. म्हातारीनेच त्यांची नजर पकडली.

"ती धाकट्याने धरायला दिली मला. परत घ्यायला आलाच नाही. मग हे सगळं झालं."

"कधी दिली, आजी?"

"त्याच दिवशी सकाळी. इथंच, खिडकीबाहेर बसला होता चाकापाशी. मीच मागे लागले होते ना त्याच्या. एवढी मोठी गाडी घेतली, म्हटलं, आणि बसायला पाट! प्रत्येक खड्डा मणक्यात येतो माझ्या. आमच्या ह्यांची जीप होती, मी पोटुशी होते तेव्हा. हे मागची हवा काढायचे, गादीवर बसल्यासारखं वाटायचं." ती थोडी हसली. "धाकटा म्हणाला, नव्या गाडीत असं करत नाहीत. मी म्हटलं, तू माझा मुलगा आहेस का शोरूमचा? मग काढली."

म्हातारीचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

"पण आमचे हे," ती सावकाश म्हणाली, "पक्क्या रस्त्याला लागायच्या आधी परत हवा भरायचे. म्हणायचे, वळणावर फेकून देईल." तिने बाईंकडे पाहिलं. "मोठा वळणावरच गेला ना हो?"

६

दारात धाकटा उभा होता. कधी आला कुणास ठाऊक.

"आई, गप्प बस. तुझा काही संबंध नाही."

"तू सांग मग. कुणाचा आहे?"

तो दाराला टेकला आणि तिथेच खाली बसला, लहान मुलासारखा. "हवा काढली. गाडी वळवायला घेतली, रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणली, तर दिवा लागला. पडद्यावरचं बटण दाबून धरलं की तो जातो, हे गाडी घेताना दाखवलं होतं. धरलं. गेला. म्हटलं, मी हळू चालवीन, आईलाच तर न्यायचंय. आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर गाडी नाही. दादाला फोन लावला, लावला, लावला. तो उचलेना." त्याने तोंड हातांत धरलं. "वहिनीला कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुला?"

"आणि गॅरेजवाल्याला धरलंय म्हणतात, तो?" म्हातारीने विचारलं.

"चार दिवसांत सुटेल, वाटलं."

म्हातारीची नजर माझ्यावर आली. मी कोण हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. "तुम्ही का रडताय?"

"तो माझा जावई आहे, आजी."

"मुलंबाळं?"

"जुळ्या मुली. आठवड्याच्याही नाहीत."

तिने डोळे मिटले. धाकटा म्हणाला, "मी जातो चौकीवर. मी एकटाच सांगतो. आईचं नाव नको." तो बाईंसमोर हात जोडून उठला. "तिला जगायचंय अजून, मॅडम. किरणं पुरी व्हायची आहेत. एवढं करा."

"तुझ्या एकट्याच्या बोलण्यावर फौजदार विश्वास ठेवणार नाही," बाई म्हणाल्या. "वाटणीचं भांडण सगळ्यांना माहीत आहे. हवा मी काढली असं म्हणालास, तर तो विचारेल, कशासाठी? तुझ्याकडे खरं कारण एकच आहे. ते नाही सांगितलंस तर तू खुनी ठरशील."

"मग ठरू दे."

"नाही ठरायचा," म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "एक गेलाय. दुसरा आत घालायला मी काय कैकेयी आहे? फौजदाराला इथे बोलवा. मी सांगते, लिहून घेऊ दे. हवा मी काढायला लावली."

"आई, आपण गाडीने जाऊ, मी—"

"गाडीत मी बसणार नाही."

फौजदार संध्याकाळी आला. म्हातारीने त्याला तीनदा वाचून दाखवायला लावलं आणि मगच अंगठा उठवला. तिला लिहिता येत होतं, पण बोटांत जोर राहिला नव्हता. थोरल्याची बायको भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. शेवटी ती पुढे आली, सासूच्या पायांवरची शाल सारखी केली आणि आत गेली. दिराकडे तिने पाहिलंही नाही.

माझा जावई दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला. घरी आला तेव्हा दोन्ही पोरी झोपलेल्या होत्या. त्याने त्यांना उचललं नाही. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पाळण्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. धाकटीने विचारलं, "जेवणार ना?" तो म्हणाला, "त्या आजींचं काय झालं, बाबा?"

धाकट्या भावावर खटला चालला. शिक्षा किरकोळ झाली. ती भोगून आल्यावर त्याने कारखान्याचा आपला हिस्सा वहिनीच्या नावे केला आणि तिथेच पगारावर काम करू लागला. ते दोघं एकमेकांशी फक्त बर्फाबद्दल बोलतात, असं ड्रायव्हर सांगतो.

म्हातारी पुन्हा कुठल्याच गाडीत बसली नाही. धाकट्याने विनवण्या केल्या, डॉक्टर समजावून गेले, सुनेने रुग्णवाहिका दाराशी आणून उभी केली. तिने नाही म्हणून मान हलवली. डोंगरापलीकडे जायला दुसरा मार्ग नव्हता. किरणं अर्धवटच राहिली.

थोरला मुलगा त्या वर्षी मे महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळी, मोठ्या वळणावर गेला. आई त्याच वर्षी सप्टेंबरच्या दोन तारखेला, दुपारी, आपल्या खोलीत गेली.